भाई, वहिनी आली होती

भाई,

तुला पत्र लिहायची पाळी पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं. तू बोटीवर होतास तेव्हा आई स्टोव्हपाशी बसून सांगायची आणि मी लिहायची. शेवटचं लिहिलं तेव्हा मी सहावीत होते. ते तुला पोचलं की नाही, कधी कळलंच नाही. आज मात्र मला कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. परवा इथे बोरीवलीत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि आईबाबा गेल्यापासून ते सांगावं असं घरात कोणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयातून फोन आला. एकाहत्तरच्या युद्धाच्या स्मरणाचा कार्यक्रम आहे, उपनगरातल्या ज्या घरांतली माणसं त्या लढाईत गेली त्या कुटुंबांचा सत्कार करायचाय, असं तो मुलगा म्हणाला. बोलायला सालस होता. त्यानं तुझं पूर्ण नाव घेतलं, बाबांच्या नावासकट. किती वर्षांनी परक्या माणसाच्या तोंडून तुझं नाव ऐकलं रे! मी नुसती हं हं करत राहिले. मग त्यानं विचारलं, आमच्याकडे पत्नी म्हणून सुनंदाताईंचं नाव आहे, त्या कुठे असतात?

तिचं पुन्हा लग्न झालं, त्यालाही जन्म लोटला, असं मी सांगितलं. मग तो म्हणाला, मग तुम्हीच या, बहीण म्हणून चालेल.

फोन ठेवला, पण ते 'चालेल' काही डोक्यातून जाईना. मला चालेल का? आणि तुला?

तुला आठवतं, लग्न झाल्यावर तू वहिनीला नॅशनल पार्कात घेऊन गेला होतास आणि आईनं मलाही बरोबर धाडलं होतं? तू मला माकडं मोजायला बसवलंस. मी मोजत बसले आणि तुम्ही दोघं लांब त्या दगडावर बोलत बसलात. वहिनी कुडाळहून नुकतीच आलेली, मुंबईत तिला सगळ्याचीच भीती वाटायची. तुझी वाटत नव्हती. परत येताना ती एकटीच हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, तुझा भाऊ नकला फार छान करतो. मला आजवर माहीत नाही तू कोणाची नक्कल केली होतीस.

मग सुट्टी संपली आणि तू गेलास. बाबांनी मिलमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकला होता, तो तुला नको होता. तुला नौदलाच्या पांढऱ्या कपड्यांची हौस. राग येतो मला कधीकधी अजून. मिलमध्ये चिकटला असतास तर संपात गेली असती नोकरी, पण तू तरी असतास ना?

त्या डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद लावले होते. भोंगा झाला की वहिनी मला पोटाशी घ्यायची, म्हणजे खरं तर तिलाच कोणीतरी धरायला हवं असायचं. तार आली तेव्हा बाबा ती हातात धरून गॅलरीत उभेच राहिले. बोट बुडाली होती. तुझ्या नावापुढे बेपत्ता लिहिलं होतं.

त्या एका शब्दावर आई जन्मभर जगली, भाई. "खाडयेत वाढललो झील माझो," ती सगळ्यांना सांगायची, "तो बुडाचो नाय." तिच्या मते खाडीत पोहत वाढलेला तू बुडणं शक्यच नव्हतं; तुला दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या बोटीनं उचललं होतं आणि तिथे तुझी बोलायची पंचाईत होत होती, म्हणून पत्र येत नव्हतं. नंतर सरकारनं काय ते कळवलं, बाबांनी मान्य केलं, पण आईनं नाही. तुझे दोन शर्ट ती दर दिवाळीला धुवून, इस्त्री करून परत ट्रंकेत ठेवायची. वहिनीच्या कपाळाचं कुंकू तिनं कोणाला पुसू दिलं नाही.

आणि त्याच आईनं वहिनीचं दुसरं लग्न लावलं.

हे तुला माहीत असायला हवं. चाळीत वाटेल ते बोलले लोक. वहिनीचे वडीलसुद्धा तयार नव्हते. आई एकटी एसटीनं कुडाळला गेली, त्यांच्या ओटीवर बसून राहिली आणि त्यांचा होकार घेऊनच उठली. मुलगाही तिनंच बघितला. गावचाच, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर, शांत. वहिनी रात्रंदिवस रडायची. म्हणायची, तुम्हीच म्हणता ते येणार आहेत, मग मला कशाला घालवताय? तेव्हा आईनं तिला जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. "तो इलो तर त्याका काय सांगूचा ता माझा मी बघतलय. तू जा."

ती गेली. गणपतीला यायची, नवऱ्याला घेऊन यायची. पुढे तिची मुलं झाली, माझं लग्न झालं, येणंजाणं कमी होत गेलं. आईच्या तेराव्याला भेटलो ते शेवटचं. पुढे आईबाबांची खोली माझ्याकडे आली आणि चाळ पाडून इमारत झाली. नव्या इमारतीला चाळीचंच नाव ठेवा म्हणून सोसायटीत मी भांडले. सगळ्यांना वाटलं मला जुन्याचं प्रेम आहे. मी कोणाला खरं सांगितलं नाही. तुला सांगायची गरज आहे का? जुन्या पत्त्यावर कोणी आलं तर त्याला घर सापडायला हवं होतं.

तर फोन आल्यावर मी ठरवलं, वहिनीला विचारायचं. माझा मुलगा संदेश म्हणाला, "आई, त्यांच्या घरात नातवंडं आहेत. कशाला जुनं उकरतेस? त्यांची वाट लागेल." बोलत होता ते बरोबरच होतं. तरी रविवारी त्यानंच गाडी काढली आणि मला कांजूरला वहिनीच्या घरापाशी सोडलं. वर मात्र आला नाही, खाली थांबतो म्हणाला.

दार नानांनी उघडलं. नाना म्हणजे वहिनीचे यजमान. आता काठी आलीय हातात, पण मला बघताक्षणी ओळखलं. आत वळून म्हणाले, "अगं, बोरीवलीची आलीय." माहेरचं माणूस आल्यासारखं!

वहिनी टेबलाशी वाल सोलत बसली होती. माझ्या तोंडून सवयीनं "वहिनी" गेलं आणि मी जीभ चावली. नानांच्या देखत तिला तसं म्हणायचं का? पण दुसरं काय म्हणणार होते? तिनं वालाचं ताट माझ्याकडे सरकवलं. मीही सोलायला बसले. गुडघे, डोळ्यांची ऑपरेशनं, मुलांच्या नोकऱ्या, सगळं बोलून झालं. नाना चहा करायला आत गेले तेव्हा मी विषय काढला.

ती सोलायची थांबली. "मी कुठल्या तोंडानं जाऊ गं?" म्हणाली. "त्यांचं नाव मी सोडलं. आता ते मिरवायला जाऊ?"

मी म्हटलं, कोणी काही बोलणार नाही. ती म्हणाली, कोणी बोलेल म्हणून नाही. आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

नाना चहा घेऊन आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी, त्या घरात ऐकू न येण्याइतकी जागा कुठे आहे? कप ठेवले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "डिसेंबर आला की हिचं जेवण तुटतं. लग्न झालं तेव्हापासून बघतोय. मला वाटायचं, ही आपणहून सांगेल. हिला वाटत असणार, मी विचारेन. असंच करत दोघं म्हातारे झालो." मग तिला म्हणाले, "जा तू. मी पण येतो."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. बोटांतला वालाचा दाणा ताटात टाकला. मग "बरं" म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिची नात आली, तन्वी. कॉलेजात आहे. तिच्या कानावरही पडलं होतं सगळं. "आजी, कोण गं?" एवढंच विचारलं तिनं. त्या पोरीला तुझं नावसुद्धा कधी कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणाली, सांगते, बस इथे. मग मी निघाले. ते सांगणं तिचं तिनंच करायला हवं होतं.

परवा कार्यक्रम झाला. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, शाळेच्या मुलांची गाणी, पाहुणे उशिरा. भाषणं झाली. शूर, वीर, अजरामर. वाईट नव्हती भाषणं, पण त्यात तुझं असं एक वाक्य नव्हतं. मग मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला लागले. तुझा आला. लहान फोटो एवढा मोठा केलेला की चेहरा विरून गेलेला. टोपी तेवढी दिसत होती.

निवेदिकेनं तुझं नाव वाचलं आणि 'त्यांच्या भगिनी' असं म्हटलं. मी उठले. वहिनीचा दंड धरला आणि तिलाही उठवलं. पायऱ्यांपाशी बिल्ला लावलेल्या मुलानं अडवलं, एकानंच वर जायचंय म्हणाला. मी म्हटलं, एकच जातेय. आणि खाली उभी राहिले.

वहिनी एकेक पायरी चढत गेली. वर एक तरुण अधिकारी होता, तुझ्यासारख्याच पांढऱ्या पोशाखात. तो गोंधळला. वाकून हळूच त्यानं विचारलं, आपण त्यांच्या कोण? माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू आलं.

वहिनीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बायको होते. थोडेच दिवस होते. पण बायको होते."

त्या अधिकाऱ्यानं तबकातली शाल घ्यायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. ताठ उभा राहिला आणि वहिनीला सॅल्यूट ठोकला. वहिनीनं हात जोडले.

मी मागे वळून पाहिलं तर नाना उठून उभे होते. काठी खुर्चीला टेकवलेली, हात सावधानसारखे पँटच्या शिवणीला लावलेले, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटेच. मग तन्वी त्यांच्याशेजारी उभी राहिली. बाकी कोणी उठलं नाही. कोणाला माहीत होतं?

खरं सांगू भाई, मला एक क्षण वहिनीचा हेवा वाटला. तिला 'होते' म्हणता आलं. मला नाही म्हणता येत. मी अजून तुझी बहीणच आहे. गावी पारावर बसलेला कोणी म्हातारा तुझ्यासारखी मान तिरकी करून हसला की अजून माझं काळीज हलतं. एवढी का रे तुझी वाट बघायची सवय लावून गेलास?

बाहेर चहा-वड्याची सोय होती. आम्ही चौघं एका कोपऱ्यात बसलो. नानांनी वडा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाले, "दिसायला कसे होते हो ते? पडद्यावर काही कळलं नाही." मला विचारत होते. मी सांगणार तेवढ्यात वहिनीच बोलली. "हसताना डोळे पार मिटायचे त्यांचे," म्हणाली. "आणि नकला करायचे. माझ्या वडिलांची केली होती एकदा, त्या पार्कात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तुझे डोळे मिटायचे हे मी विसरून गेले होते, भाई. तुझा आवाज तर कधीच गेला माझ्याकडून. किती शोधते, सापडत नाही. आणि हे सगळं तिनं जपून ठेवलं होतं, कोणाला न दाखवता, दुसऱ्याचा संसार चोख करत.

नाना हसले. "म्हणजे सासऱ्यांची नक्कल? मीही केली असती, पण मला भीती वाटायची त्यांची," असं म्हणाले. वहिनीही हसली. आपल्याकडे नवी नवरी होती तेव्हा हसायची ना, तशीच.

तन्वी इतका वेळ ऐकत होती. मग तिनं मला विचारलं, "ते माझे कोण लागतात?"

मी वहिनीकडे पाहिलं, तिनं नानांकडे. खरंच काय लागतोस तू तिचा? रक्ताचा नाहीस, घरातला नाहीस. मी नाना काय म्हणतात ते बघत होते. त्यांनी वडा खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "माझ्या आधीचे ना ते? मग मोठे आजोबा म्हण."

तर हे सांगायचं होतं. आता पत्र संपवताना एक शब्द देते तुला. पाय चालताहेत तोवर दर डिसेंबरात मी कांजूरला जाईन. ती पोर विचारेल ते सगळं सांगेन, आणि सांगताना तुला भाषणातला वीर करणार नाही. माकडं मोजायला बसवणारा, बाबांचं न ऐकणारा, होतास तसाच सांगेन. आणि मला नाही आठवलं तर वहिनीला विचारेन.

पंचविशीही गाठली नाहीस रे तू. आणि कांजूरला एका घरात आता तुला मोठे आजोबा म्हणतात.

तुझी
बेबी