चौदा गाड्यांतल्या सासूबाई

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून माझा नवरा ठिपका झाला. सात नंबरचा, हिरवा, नरडाण्याच्या रस्त्यावर.

हितेंद्रशेठनी आपल्या रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या चौदाही गाड्यांना जीपीएसच्या डब्या बसवून घेतल्या. डंपर, रोलर, पाण्याचा टँकर, कुणी सुटलं नाही. धुळ्याच्या ऑफिसात मोठा स्क्रीन लावला आणि त्याच्यासमोर मला बसवलं. इतकी वर्षं खडी-मुरुमाची चलनं लिहीत होते, आता ठिपके राखायचे, शेळ्या राखतात तसे. गाडी चाळीसच्या वर गेली की डबी बोलते. दहा सेकंदांत वेग उतरला नाही तर ठिपका लाल.

आणि हे सगळं कुणामुळे? आमच्या प्रेमराजांमुळे! जुलैत भरला डंपर कपाशीत आडवा घातला. खांद्याचं हाड मोडलं, तरी खाटेवरून पहिला प्रश्न — "डंपरला फार लागलं नाही ना?" शेठनी कामावरून काढलं नाही हे उपकारच. पण अट घातली. तीन महिन्यांत तीनदा लाल झालं की डंपर गेला, टँकर हातात. रस्त्यावर पाणी मारत फिरायचं. ड्रायव्हर लोकांत याहून मोठी बेअब्रू नाही. आणि लाल झाल्याचं शेठना कळवणार कोण? मीच!

शेठ म्हणाले, "मोहिनीताई, स्क्रीनवर नवरा नसतो. ठिपका असतो."

घरी तरी काय वेगळं आहे, असं मनात म्हटलं.

२३ सप्टेंबर

अठ्ठावन्न! दुसऱ्याच दिवशी लाल!

"उतार होता," म्हणे. त्या रस्त्यावर उतार! पोळपाटाला जेवढा असतो तेवढा.

शेठना कळवलं. संध्याकाळी जेवताना टोमणा आला — "वरणात मीठ नाही. स्क्रीनवर दिसलं नाही वाटतं?" दिसलं होतं. मुद्दामच घातलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा लाल. त्रेपन्न. आता एकच उरला, आणि अजून जवळजवळ तीन महिने जायचेत!

डबीत एक हिंदी बाई आहे. "कृपया गति धीमी करें." इतकी मऊ बोलते की माणसाला झोप यावी. रमजानचाचा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, एरंडोलचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बहोत तमीज़वाली है बेटी. मैं हर बार 'जी हाँ' बोलता हूँ." जी हाँ बोलतात आणि पंचावन्ननं जातात. आमचे हे तर गाणं मोठं करतात.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. सुनंदाबाई म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. त्यांनी हाक मारली की शेजारची पोरंही आपापल्या घरी पळतात. म्हणाल्या, "माले बसाड त्या गाडीमा. दखस मी, कसा पयाडस ते!"

२ ऑक्टोबर, दसरा

हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहिते.

प्रत्येक डबीजवळ एक लाल बटण आहे. संकट आलं तर दाबायचं, शेठच्या मोबाईलवर मेसेज जातो. आज साइटवर गाड्यांची पूजा. हार, झेंडू, नारळ. आणि चौदाच्या चौदा जणांनी त्या बटणाला गंध लावलं. अंगठ्यानं. चांगलं दाबून!

शेठ घरी पूजेला बसलेले. मोबाईलवर चौदा मेसेज — वाहन संकटात, वाहन संकटात! माणूस सोवळ्यातच उठला, गाडी काढली, नरडाणा गाठलं. बघतो तर सगळे पेढे खातायत. गंध रमजानचाचांनीही लावलं होतं. "गाडी तो सबकी माँ है, सेठ." शेठनी रागवायला तोंड उघडलं, त्यात कुणीतरी पेढा घातला.

डब्या बसवणारा जळगावचा पोरगा, नाव नवीन. त्याला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, यंत्रात दोष नाही." म्हटलं, भक्तीतही नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

बटणांवर झाकणं बसवायला नवीन आला. बोलता बोलता म्हणाला, डबीतला आवाज बदलता येतो, कुणाचाही घाला. मी शेठची परवानगी घेतली आणि त्याला तसाच घरी घेऊन गेले.

सासूबाई कळण्याची भाकरी थापत होत्या. नवीननं आपला मोबाईल तोंडापुढे धरला आणि सासूबाई चक्क लाजल्या! पदर सारखा केला, घसा खाकरला — "नमस्कार. कृपया वाहन सावकाश चालवावे." गेलं! सगळं मुसळ केरात! ही बाई तर हिंदीवालीहून मऊ निघाली.

मग मी हळूच म्हटलं, "आई, तुमचा मुलगा परवा त्रेपन्ननं गेला."

बस्स. पिठाचा हात हवेत — "ओ भाऊ! कितली पयाडस ती गाडी! मसनमा जावानी घाई शे का तुले? घर माय वाट दखी ऱ्हायनी ना रे! हळू चाल, मन्हा राजा!"

शेवटी खोकला आला. पुन्हा करू म्हटलं, पण मोबाईल खिशात घालून नवीन दोन पावलं मागे सरकला होता. एकूण चौदा सेकंद भरलं.

८ ऑक्टोबर

आज आवाज चालू झाला. रमजानचाचांनी गाडी थांबवून सीटमागे पाहिलं. मग मला फोन — "बेटी, अम्मी को गाडी में कब बिठाया?" रोलरवाला म्हणाला, माझी ताशी चारच्या वर जात नाही, मला का? म्हटलं, असू द्या, सोबत होते.

दिवसभरात एकही लाल नाही. सगळे 'मसनमा' ऐकलं की ब्रेकवर पाय देतात. वेग उतरला की आवाज तिथेच तुटतो, म्हणून पुढचं कुणी ऐकलेलंच नाही.

हे घरी आले ते मान खाली घालून. "माझ्या आईला कामावर लावलंस!" एवढंच बोलले.

१९ ऑक्टोबर

सासूबाई फराळ घेऊन साइटवर! मीच घेऊन गेले. डबा उघडायच्या आत चौदा ड्रायव्हर ओळीत उभे. कुणी विडी लपवली, कुणी पट्टा लावायला परत गाडीत चढला. सासूबाईंना एका डंपरमध्ये चढवलं आणि साइटवर आलेल्या नवीननं उभ्या गाडीत डबी वाजवून त्यांचा आवाज ऐकवला. त्यांना फक्त शेवटचं ऐकू आलं.

"चौदा गाड्यास्मा मन्हा खोकला! लोके काय म्हनतीन?" वाटेत तीनदा तेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज हसू येत नाही.

नरडाण्याच्या वळणावर कापसाची ट्रॉली बंद पडली होती. मागे ना लाल कापड, ना काही. वर चार वेचणाऱ्या बाया बसलेल्या. सात नंबर मागून आला. अडतीसवर होता. दोन हातांवर थांबला. मला स्क्रीनवर फक्त थांबलेला हिरवा ठिपका दिसला. बाकी रमजानचाचांनी सांगितलं, ते मागेच होते.

अठ्ठावन्नवर असता तर! 

हे घरी आले ते थेट आईच्या पाया पडले. सासूबाई दचकल्या — "पाय कसाले धरस रे? काय मोडीसन उना?" त्यांना वाटलं, पुन्हा डंपरच मोडून आला.

२६ नोव्हेंबर

सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

घरी आणलं. डॉक्टर म्हणाले हात-पाय सुधारतील, बोलण्याचं सांगता येत नाही. जीव आहे हेच खूप, असं येणारा प्रत्येक जण सांगून जातो. येणाऱ्याला काय जातंय सांगायला!

घर कसं सुनं झालंय. बारा वर्षं या बाईच्या बोलण्यानं कान किटले म्हणून कुरकुरले, आणि आज भाजी मुद्दाम खारट केली, निदान ओरडतील म्हणून. सासूबाईंनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही रडू आलं. दोघींनी ती खारट भाजी संपवली.

हे आईजवळ बसतात आणि स्वतःही बोलत नाहीत. ड्यूटीवर मात्र अगदी शहाण्यासारखं चाललंय. हिरवा, हिरवा, हिरवा. १०० गुणांचा ठिपका. शेठ म्हणाले, "ताई, आणखी दोन आठवडे, की डंपर कायमचा त्याचा."

१७ डिसेंबर, बुधवार

सात नंबर लाल. मुदत संपायला चार दिवस असताना!

नव्या डांबरी पट्ट्यावर, जिथे अजून वाहतूक सोडलेली नाही. गाडी रिकामी, रस्ता रिकामा. वेग एकेचाळीस. ना कमी, ना जास्त. बरोबर चौदा सेकंद, खोकल्यापर्यंत. मग वेग उतरला आणि गाडी बाजूला उभी राहिली.

शेठना कळवलं. दुसरं काय करणार होते? मग यांना फोन लावला.  म्हटलं, अहो, उद्यापासून टँकर.

"हो," म्हणाले. "टँकरलाही आईच आहे ना?"