पानात बांधलेली भाजी

९ ऑगस्ट १९७०, रविवार
प्रार्थना एकटीनंच. अकोले तालुक्यातल्या या डोंगरातल्या गावात ख्रिस्ती म्हणजे मी, आणि शाळेची बाई म्हणजेही मीच. जूनपासून हेच. आज गीत जरा मोठ्यानं म्हटलं तर शेजारची म्हैस ओरडली. तेवढीच साथ.
दुपारी शेजारीण ठकूबाई पितळीत खुडलेली कुर्डूची रानभाजी घेऊन आली. "कवळी हाय तवर खावा, बाई. लसूण नि मीठ. दुसरं काय बी घालू नगा." उंबऱ्याच्या आत काही येत नाही. घाई असते म्हणे. नागलीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या भाजीबरोबर. वाहवा करायला समोर कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहिते. वाहवा.

१६ ऑगस्ट
ठकूबाई हे नाव रोज लिहायला लांब. यापुढे ठ.
ठ.नं आज ओढ्यातले खेकडे आणले, जिवंत. एक निसटून चुलीमागे गेला. मी पेटीवर चढले. ती उंबऱ्याबाहेर पोट धरून हसतेय. "पोरांना छडी दावता नि खेकड्याला भेता व्हय?"
रस्सा इतका झणझणीत की नाक पुसत खाल्ला. आई असती तर नांग्या तिच्या ताटात गेल्या असत्या. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी अजून दोघींचंच शिजवते. उरलेलं सकाळी खाते.

३० ऑगस्ट
शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आईची शिकवण. ठ.ची पितळी कधीची पडून होती. शेवयांची खीर केली, वेलदोडा घालून, आणि स्वतः नेऊन दिली. ठ. शेतात. सासूनं हसून घेतली.
छत्री विसरले म्हणून परत वळले. म्हातारी खीर गाईच्या पाटीत ओतत होती. गाईनं चाटूनपुसून खाल्ली. गाईला काही विटाळ झाला नाही.
म्हातारीनं मला पाहिलं. छत्री घेऊन आले.
म्हणजे हे असं आहे. सगळा गाव मला देतो, ते कच्चं. माझ्या हातचं शिजलेलं मात्र

(पुढं लिहवत नाही.)

२ सप्टेंबर
बदलीचा अर्ज लिहिला. कारण: येथील हवा मानवत नाही. साफ खोटं. हवा इतकी मानवली की तीन महिन्यांत पोलकी उसवून सैल करावी लागली. टपालात टाकला.

२० सप्टेंबर
तीन आठवडे बघतेय. ठ. आता जे आणते ते सागाच्या पानात बांधून. भोपळ्याची फुलं पानात. आज काकड्या, त्याही पानात. पितळी बंदच.
आधी राग आला. वाटलं, माझ्याकडे भांडं द्यायचं नाही असं सासूनं बजावलं असणार. आज काकडी चिरताना लक्षात आलं. पान परत करायचं नसतं. परत करायचं नसलं की त्यात काही घालायचाही प्रश्न नाही, आणि पुन्हा गाईची पाटी बघायची वेळ नाही. ठ.ला सगळं ठाऊक आहे तर.
रडू आलं. मग काकडी खाल्ली. गोड होती.

११ ऑक्टोबर
उतारावर खुरासणी फुलली आहे. सगळा डोंगर पिवळा. एकटीच फिरून आले. काय सुंदर आहे म्हणायलाही कुणी लागतं.
नगरहून भावाचं, शांतवनचं पत्र. वहिनीला बरं नसतं, घरात पाहुणे आहेत, नाताळला तुझं कसं काय? असं विचारतो की उत्तर "माझं इथंच ठीक आहे" असंच यावं. तसंच लिहिलं.

२२ नोव्हेंबर
खळ्यावर गेले होते. भाताची झोडणी चालली आहे. पोरं शाळेत नाहीत, सगळी खळ्यावर. मीही दोन पेंढ्या झोडल्या, खांदा धरला. बायका हसल्या, पाणी दिलं. वरून ओतलं, ओंजळीत. आता हे सगळं दिसायला लागलंय, पूर्वी दिसत नव्हतं तेच बरं होतं.
ठ.नं नवा तांदूळ दिला. पानात. घरभर वास. पाणी कमी घाला म्हणाली होती, मी विसरले, गिच्च गोळा झाला. तेल-मीठ घालून खाल्ला तरी अमृत. इतका चांगला तांदूळ, आणि खाणारी मी एकटी.

२४ डिसेंबर
बदलीचा हुकूम आला. नगरजवळची शाळा, चार जानेवारीला हजर व्हायचं. चर्च दहा मिनिटांवर. आनंद व्हायला हवा. कुणाला सांगितलं नाही.

२५ डिसेंबर, शुक्रवार. नाताळ
सकाळी एकटीनं गीत. कोंबडीचा रस्सा, भात, करंज्या. सवयीनं दोघींचं.
बारा वाजता ठ. आली. हात रिकामे. "म्हातारी राजूरला लेकीकडं गेलीया." उंबरा ओलांडून आत आली, दार तिनंच लोटून घेतलं आणि चुलीपाशी मांडी घालून बसली. "आज सण न्हाई का तुमचा? वाढा की."
घाईनं वाढायला गेले. रस्सा ताटाबाहेर सांडला. ती जेवली. पोटभर. "मीठ जरा कमी हाय," म्हणाली. जूनपासून माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं! मीठ दिलं. दुसऱ्यांदा भात घेतला तिनं.
हात धुताना म्हणाली, "कुणाला सांगू नगा, बाई."
तिथं टोचलं. राग आला, तिचा, म्हातारीचा, त्या लोटलेल्या दाराचा. चोरून जेवायला आली. पण आली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी छातीत बसत नाही.
दाराशी थांबून विचारलं, "म्हातारी सोमवारी येनार. तवर आनखी काय करनार?"
"परवा वालाचं बिरडं."
"मंग माझ्यापुरतं बी भिजवा."
वाल भिजत घातले आहेत, दोघींचे. बदलीचं तिला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.