डाव्या हाताचा ब्रेक आणि इतर मालमत्ता

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपार.

आधी या वहीची माफी मागतो. एक वर्ष आणि दोन महिने मी इथे काहीच लिहिले नाही. शेवटची नोंद दोन ओळींची आहे. ती पुढे कलम सहामध्ये येईल. तोवर तिच्यावर तळहात ठेवून लिहितो आहे, म्हणजे निदान मला तरी दिसणार नाही.

आजचे निमित्त सायकल क्लबचा फॉर्म. पुढच्या रविवारी डोंगर उतरायचा आहे आणि "बरेवाईट झाल्यास" या शब्दांपुढे क्लबने एक ओळ मोकळी सोडली आहे. इतरांनी त्या ओळीत एक नाव आणि फोन नंबर लिहून फॉर्म परत दिला. माझे तेवढ्यात भागेना, म्हणून ही वही काढली.

दुसरे निमित्त जास्त खरे आहे. माझी बायको उद्या तिच्या लॅबमध्ये एक पत्र देणार आहे. ज्या चुकीपायी ती ते देते आहे ती चूक तिची नाही. कोणाची आहे हे मला माहीत आहे, तिला नाही.

तर, मी खाली सही करणारा, वय सेहेचाळीस, व्यवसाय पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासणे, म्हणजे दुसऱ्याच्या चुका त्याला न सांगता दुरुस्त करणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे (बायकोचे मत मागवलेले नाही), प्रकृती ठीक आहे, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट घरातल्यांनी "कशाला" असेच विचारले आहे. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर बायकोला. ते निम्मे तिचेच आहे, तेव्हा हे औदार्यही निम्मेच समजावे. घराबरोबर काही सूचना देणे कर्तव्य आहे. न्हाणीघराची कडी मी दुरुस्त केली आहे, त्यामुळे ती आधी वर उचलून, मग स्वतःकडे ओढून, मग थोडी वाट पाहून उघडावी. बाहेरच्या खोलीच्या छतावर जो पांढरा डाग आहे तो ओल नाही. त्याचा खुलासा कलम चारमध्ये.

कलम दोन. बँकेत जे असेल ते बायको आणि मुलगी यांना सारखे. आकडा लिहीत नाही, तो वाचून कोणी भांडणार नाही याची खात्री आहे.

कलम तीन. सगळी हत्यारे मुलीला. ती सतरा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात पंक्चर काढते, हे मी तिच्यासमोर कबूल केलेले नाही. यात बाल्कनीतला सायकल टांगायचा स्टँड, साखळी तोडायचे हत्यार, आणि नट किती आवळला ते सांगणारा पाना येतो. हा पाना मी आणला त्या आठवड्यात घरातले सगळे नट त्याने तपासले, कुकरच्या दांड्यासकट. कुकरचा दांडा त्यातच तुटला. टायर काढायला वापरलेले आणि त्यामुळे वाकलेले तीन चमचे हत्यारांत धरावेत. ते स्वयंपाकघरात परत घेतले जाणार नाहीत असे मला लेखी कळवण्यात आले आहे. गिअरची चाके घासायचा दातांचा ब्रशही मुलीचाच. तो मुळातही तिचाच होता. तिने तो दोन दिवस तसाच वापरला आणि "बाबा, पेस्ट बदलली का?" असे विचारले तेव्हा मी "हो" म्हणालो. या खोट्याची भरपाई म्हणून तिला पानाही आणि स्टँडही.

कलम चार. हवा भरायचा उभा पंप मेहुण्याला. तो चार वर्षे त्याच्याकडेच आहे. मी मृत्युपत्राने केवळ वस्तुस्थितीला मान्यता देतो आहे. सायकल मात्र त्याला देऊ नये. कारण असे, की मी ट्यूब नसलेले टायर पहिल्यांदा बसवत होतो तेव्हा तो पाहायला आला होता. या टायरात ट्यूबऐवजी पांढरा चिकट द्रव ओततात आणि मग एकदम हवा मारून टायर चाकाच्या कडेत घट्ट बसवतात. मी द्रव मापून ओतला, हवा मारली, आणि टायर जागेवर बसण्याऐवजी जागा सोडून उडाला. द्रव छतावर, पडद्यावर आणि माझ्या चष्म्यावर. मी चष्मा पुसेपर्यंत मेहुण्याने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. खाली लिहिले होते, "भावोजींनी घराला रंग काढला."

मी त्याला माफ केले आहे. पण सायकल नाही.

कलम पाच. माझी सायकल बायकोला. तिला ती नको असेल, हे मला माहीत आहे. वर्षभर तिने तिच्या स्वतःच्या सायकलला हात लावलेला नाही. तरी देतो, कारण ही सायकल जुळवताना सगळ्यात जास्त वेळ तीच उभी होती. पुढच्या चाकाचा धक्के झेलणारा दट्ट्या माणसाच्या वजनाने किती दबतो ते मोजायचे तर सायकलवर बसून पाय उचलावे लागतात आणि दुसऱ्याने पट्टीने मोजावे लागते. मी पॅसेजमध्ये भिंतीला कोपर टेकून बसलो होतो आणि ती पट्टी घेऊन खाली उकिडवी.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाही हलत."

"श्वास तरी घे. एकवीस. नाही, बावीस. मघाशी काय आलं होतं?"

"एकोणीस."

"म्हणजे जेवायच्या आधी एकोणीस आणि जेवल्यावर बावीस. यात सायकलचं काय बिघडलंय?"

असे सहा रविवार तिने मोजून दिले. नंतर मी तिलाही डोंगरात ओढले, आणि मला आवडले नाही इतक्या लवकर ती माझ्या पुढे जाऊ लागली.

कलम सहा. हे कलम लिहिण्यासाठी बाकीची पाच लिहिली.

माझा एक दोष आहे. एखादी गोष्ट पुस्तकात एका प्रकारे दिली असेल आणि घरात दुसऱ्या प्रकारे असेल, तर मी घरातली बदलतो आणि सांगत नाही. पंख्याचे आणि दिव्याचे बटण मी असेच अदलाबदल केले होते. आठवडाभर घरात दिवा लावायला गेले की पंखा फिरत होता. बायको म्हणाली होती, "बदल, पण सांगून बदल ना." मी म्हणालो होतो, "बरोबर केलेलं सांगावं कशाला लागतं?" हे वाक्य मी आजही शब्दशः लिहू शकतो, यावरून मला ते किती आवडले होते हे कळावे.

तिच्या सायकलला तारेचे ब्रेक आहेत. पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हातात, मागचा डाव्या हातात. लहानपणापासून तिने याच पद्धतीची सायकल चालवली. मी जे पुस्तक वाचत होतो त्यात नेमके उलटे होते, पुढचा डावीकडे. दोन्ही पद्धती चालतात, जगात दोन्ही आहेत, हे मला नंतर कळले. त्या संध्याकाळी मला एवढेच दिसले की पुस्तकात एक आहे आणि सायकलवर दुसरे. मी दोन्ही तारा सोडवल्या, अदलाबदल करून आवळल्या, आणि या वहीत लिहिले: "हिचे ब्रेक पुस्तकाप्रमाणे केले. काम चोख." हीच ती दोन ओळींची नोंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकली गाडीवर टाकून आम्ही डोंगराखाली गेलो. वर जाताना चढ, ब्रेकला कोणी हात लावत नाही. उतारावरच्या पहिल्या वळणावर तिने डाव्या हाताने मागचा ब्रेक दाबला, निदान तिला तसे वाटले. पुढचे चाक जागीच थांबले आणि ती सायकलवरून पुढे फेकली गेली. डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले.

इथपर्यंत मी मूर्ख होतो. मूर्खपणाला माफी असते. पण तिसऱ्या दिवशी, ती गळ्यात हात अडकवून आत झोपली असताना, मी बाल्कनीत गेलो आणि तारा पूर्वीसारख्या केल्या. स्वतःला सांगितले की पुन्हा चालवेल तेव्हा तिला सोपे जावे. महिन्याने ती उठून बाल्कनीत आली, बऱ्या हाताने एकेक ब्रेक दाबून पाहिला, कोणते चाक धरते ते पाहिले आणि म्हणाली, "सगळं जागच्या जागी आहे की. म्हणजे माझंच डावं-उजवं गेलं." मी हातात फडके घेऊन उभा होतो. त्याने कठडा बराच वेळ पुसत राहिलो.

कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीला कळले होते. हँडल सरळ करायला सायकल त्याच्याकडे नेली तेव्हा त्याने तारेवरून नख फिरवले. नट आवळला की तार तिथे चपटी होते.

"साहेब, तारेला दोन-दोन ठिकाणी चावा आहे. उलटसुलट केली होती का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग तारेनंच केली असेल."

तेव्हापासून मी हवा भरायलासुद्धा दोन चौक लांब जातो. ही माझी एकमेव जुनी अढी, आणि ती ज्याच्यावर आहे तो माणूस फक्त खरे बोलला होता.

आता पत्राचे. बायको लॅबमध्ये लोकांचे रक्त काढायचे काम करते. एकोणीस वर्षे. लहान मुले तिच्यापुढे रडायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. हाड जुळल्यावर ती कामावर गेली आणि पहिल्याच आठवड्यात एका आजींची शीर चुकली. शीर कोणाचीही चुकते. पण तिने घरी येऊन हात धुतले, पालथे-उताणे करून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून अहवाल छापायचे टेबल मागून घेतले. आता लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एक तर सुईवर परत या, नाहीतर टेबल कायमचे हवे असे लिहून द्या. मुदत उद्यापर्यंत.

मी वरचे कलम लिहीत असतानाच ती बाल्कनीत आली. मेहुण्याकडे जायला तयार होऊन, चहाचा कप माझ्यासाठी.

"काय चाललंय?"

"मृत्युपत्र."

"बरं. रविवारच्या आत आवर." तिने कप ठेवला. "मला काय ठेवलंस?"

"घर. आणि सायकल."

"घर चालेल." मग पर्समधून एक कागद काढला. "हे उद्याचं पत्र. जरा नजर घाल. चुका असतील तर दुरुस्त करून ठेव, मी सकाळी निघताना घेते. आम्ही जेवूनच येऊ, तू वाट पाहू नकोस."

मुलीने दारातून "आई, चल ना" म्हटले आणि दोघी गेल्या.

पत्र सात ओळींचे आहे. "गेल्या वर्षीच्या अपघातापासून मला माझ्या हातांची खात्री वाटत नाही. रुग्णाला इजा होऊ नये म्हणून..." मी ते पेन्सिल घेऊन तीनदा वाचले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक फक्त मजकुरात आहे, आणि ती माझी आहे. क्षणभर असेही मनात आले की "कायमचे" खोडून "तूर्त" करावे. केलेसुद्धा, पेन्सिलने. मग लक्षात आले की हे पुन्हा तेच, न सांगता तारा बदलणे. खोडरबराने पुसले. कागदाला तिथे थोडी लव आली आहे.

मग कलम सहा पुन्हा वाचले, आणि मला ते फार चांगले लिहिले आहे असे वाटले. तिथेच शंका आली. कारण या कलमाचा अर्थ असा, की मी आणखी तीसेक वर्षे जगावे, तिने तीसेक वर्षे अहवाल छापावेत, आणि मी गेल्यावर तिने हे वाचावे. ज्याच्यावर ओरडायचे तो माणूस तेव्हा जागेवर नसेल. कबुलीला मी मालमत्ता केली होती. जी वस्तू तिची आजच आहे, ती मी तिला माझ्या मागे देऊ करत होतो.

म्हणून कलम सहा रद्द. आडवी रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. वारसाहक्काने कोणालाही काही कळणार नाही.

आता सहा वाजले आहेत. फोन करता येईल, हे मला माहीत आहे. पण ती फोन मेहुण्याच्या बाहेरच्या खोलीत, सगळ्यांत बसून घेईल, आणि हे तिने चारचौघांत ऐकावे असे मला वाटत नाही. हे कारण खरे आहे की भित्रेपणाचे, यावर मी अर्धा कप चहा विचार केला. दोन्ही असावे.

साक्षीदारांसाठी वही घेऊन खाली उतरलो. दोन चौक लांब गेलो नाही, कोपऱ्यावरच गेलो. मिस्त्रीला म्हणालो, "साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात. नाहीतर तुम्हाला स्टँड दिला असता."

"स्टँड आहे माझ्याकडे. सही कुठं करू?"

"त्या तारा मीच उलट्या केल्या होत्या."

त्याने पेन तसेच धरून ठेवले. "मॅडमना माहितीये?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगताय?" तो म्हणाला आणि सही केली.

साक्षीदार एक: कोपऱ्यावरचे सायकल मिस्त्री. सही ग्रीसच्या अंगठ्यासह.

साक्षीदार दोन: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपाल काकू. त्यांनी "वाचायला दिल्याशिवाय मी कशावर सही करत नाही" असे सांगून पाचवे कलम संपेपर्यंत वाचले, पुढची रेघ पाहून चष्मा काढला, आणि सही केली.

लिहून देणार: मी. सही केली आहे. स्वाक्षरी नेहमीपेक्षा सुवाच्य आली.

स्थळ: घरची बाल्कनी, तिच्या सायकलजवळ. वर दिलेल्या दिवशी, संध्याकाळी पावणेसात.

उद्या: ही साडेआठला निघते. त्याआधी, पत्र तिच्या हातात देताना, ब्रेकचे सांगणे.