पाणी उतरले

चिचगड,
बुधवार, ता. ६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शामकला हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा पाऊस आला की दुखायला लागतो आणि पाऊस गेला तरी थांबत नाही, एवढीच तक्रार. धानाची रोवणी आटोपली. बांधीत पाणी पुरेसं आहे. लाल गाय मागच्या आठवड्यात व्याली, कालवड झाली. वहिनीने अजून तिचं नाव ठेवलेलं नाही. म्हणते, शामबाई आली की तीच ठेवेल. मोबाईलचा टॉवर आता गावातच झाला आहे, त्यामुळे फोन घरातूनही लागतो. तरी मी पत्र लिहितो आहे. फोनवर तू नुसतं 'हं, दादा' म्हटलंस तरी माझी हिंमत जाते. दोन वर्षांत चारदा तसं झालं आहे.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. राखी आणि चिठ्ठी, दोन्ही. त्याबद्दल खाली लिहितो, आधी बाकीचं लिहू दे.

माझं काम संपलं. पुलाच्या कठड्याला पाटबंधारे खात्याने एक डबा बसवला आहे. तो खाली तोंड करून नदीकडे बघत असतो आणि पाण्याची पातळी आपोआप नागपूरला कळवतो. एकतीस वर्षं मी पुलाखालची मोजपट्टी वाचली. पाऊस असला तर तासातासाला, छत्री उलटी झाली तरी. आता त्या पट्टीवर शेवाळ चढलं आहे. डब्याला चहा लागत नाही, ताप येत नाही. आणि तो शेरा लिहीत नाही. माझ्या वहीत पातळीच्या पुढे शेऱ्याचा रकाना होता, तो त्याच्याकडे नाही. हे बरंच झालं, असं मला वाटतं. का, ते पुढे कळेल.

आता थोडं नदीबद्दल लिहितो. तू म्हणशील, दादा मला जामडी कायले शिकवून राहिला, मी तिच्यातच पोहायला शिकले. खरं आहे. पण हे पत्र तुला केशोरावांना वाचून दाखवायचं आहे. जावई खालच्या मुलखातले. त्यांनी नदी पाहिली ती तुमच्या धानाच्या बांध्यांतून शांतपणे जाणारी. तिचं माहेर त्यांना माहीत नाही.

तर केशोराव, जामडी आमच्या मागच्या डोंगरात एका जांभळीच्या मुळाशी उगम पावते. उन्हाळ्यात तिथे लोटाभर पाणी भरायला वेळ लागतो. पण तिथून खाली सात-आठ कोस नुसता उतार आहे, खडक आणि मुरूम, पाणी धरून ठेवणारं काही नाही. डोंगरावर दोन तास पाऊस झाला की दोन्ही बाजूंचे नाले एकदम तिच्यात पडतात. आमच्या पुलाखाली ती तासात पुरुषभर चढते आणि दुपारपर्यंत पुन्हा पोरं खेकडे धरायला उतरतात. तो लोंढा मग सपाटीला लागतो, बांध्यांच्या मधून वळणं घेतो, मंदावतो. तुमच्या गावच्या रपट्यावर, त्या बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावर, पोहोचायला त्याला साडेचार तास लागतात. आमच्याकडे ऊन पडलेलं असतं, तुमच्याकडेही ऊन असतं, आणि रपट्यावर पूर येतो.

हे साडेचार तास आमच्या घरात घड्याळ घेऊन कोणी मोजले नव्हते. शामचं लग्न झालं तेव्हापासून आई घाटावर कपडे धुताना म्हणायची, "हे पानी आता दुपारी माह्या शामच्या दारातून जाईल." पुढे मी नोकरीला लागलो आणि वही बघून हिशेब केला, तर आईचा अंदाज चुकला नव्हता.

शाम, तुझ्या सासरचा पहिला पावसाळा आठवतो का? तू नदीवरून धावत आलीस आणि अंगणात ओरडलीस, "पानी उतरलं, पानी उतरलं!" आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. डोंगरावरून पाणी खाली उतरलं, लोंढा निघाला, गुरं आवरा. तुझ्या सासूला वाटलं, पूर उतरला, ओसरला. तिने म्हशी सोडल्या. एक म्हैस पुढच्या गावाच्या बाभळीत सापडली, जिवंत, पण तुझ्याकडे बघायची नाही म्हणे. केवढे हसलो होतो आपण! मी ती गोष्ट खात्यातल्या लोकांना किती वेळा सांगितली असेल. एकदा एक तरुण साहेब माझी वही चाळत होते. मला म्हणाले, "शालीकराम, पातळी वाढलेली आणि तुम्ही शेऱ्यात लिहिता 'पाणी उतरले'? 'चढले' लिहीत जा, कोणी चुकीचं वाचेल." मी म्हटलं, "साहेब, नदी आमची हाये, शब्दही आमचाच राहू द्या." सगळे हसले. साहेबही हसले.

म्हणजे मला दोन्ही अर्थ माहीत होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, म्हणजे पुढे कोणी माझ्यासाठी सबब शोधू नये.

आता तुझी चिठ्ठी. तू लिहितेस, 'दादा, गेल्या वर्षी राखी पाठवली नाही. राखीनंच माझ्या भुपेंद्रला नेलं असं वाटायचं. राखी घेऊन दुसऱ्या दिवशी जातो म्हणत होता, मीच म्हटलं आजच जा, उद्या गर्दी राहील. यांनी अजून मला माफ केलं नाही, मीही केलं नाही. तुझा यात काय दोष? यंदा बांधून घे.'

हे मी सोमवारपासून तीस वेळा वाचलं असेल. 'तुझा यात काय दोष' इथे आलो की कागद खाली ठेवतो आणि गोठ्यात जातो.

शाम, त्या दिवशी पुलावर टॉवर मिळत होता.

भुपेंद्र गेल्याच्या तिसऱ्या दिवशी केशोरावांनी मला विचारलं होतं, "त्यानं तुमाले फोन केला होता का जी?" तेव्हा तू दाराआड बसली होतीस. मी म्हटलं, "नाही, इकडे टॉवरच नव्हता." खोटं बोललो. भुपेंद्रचा फोन पाण्यात गेला होता, त्यामुळे मला कोणी खोटं ठरवणार नव्हतं. फोन आला होता. दहा वाजून वीस मिनिटांनी. मी पुलावरच्या खोलीत होतो, समोर भिंतीवर घड्याळ होतं. रात्रभर डोंगरात पाऊस झाला होता, सकाळी साडेसहाला पट्टीवर चार मीटर दहा वाचलं होतं. त्या मोसमातलं सगळ्यात मोठं पाणी. तो आकडा सगळीकडे कळवून झाला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द लिहितो. विसरण्यासारखं त्यात काही नाही.

"मामाजी, पानी उतरलं का जी?"

"उतरलं रे बापू. सकाळीच उतरलं. सगळंच उतरलं."

"मंग येतो जी."

"हव, ये."

एवढंच. मला वाटलं, पोरगा घरी बसून विचारतो आहे, लोंढा निघाला का, म्हणजे बांधीवर जायचं नाही. 'येतो' म्हणाला तेव्हा वाटलं, फोन ठेवतो आहे. आपण सगळेच फोन ठेवताना 'येतो' म्हणतो आणि पलीकडचा 'ये' म्हणतो. तो खरंच येत होता, शाम. माझ्याकडेच येत होता. त्याला मामाने सांगितलं, सगळं उतरलं, आणि वर म्हटलं, ये.

'कुठून बोलून राहिलास?' एवढं विचारलं असतं तर! साडेसहात साडेचार मिळवायचे होते, अकरा. समोर घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. नदीकाठच्या खालच्या आठ गावांसाठी जो हिशेब मी झोपेतही करायचो, तो माझ्या भाच्यासाठी केला नाही.

पुढचं मला टिकारामने सांगितलं. रपट्याजवळ त्याची चहाची टपरी आहे, तू ओळखतेस. मला फोन केल्यावरही भुपेंद्र गाडी उभी करून अर्धा तास थांबला होता. रपट्यावरून पोटरीभर पाणी वाहत होतं. तो घाई करणारा पोरगा नव्हता. केशोराव लोकांत म्हणतात ना, आईनं घाई केली म्हणून पोरगा पाण्यात घुसला, ते खोटं आहे. तो तुझ्या सांगण्यावरून घुसला नाही. तो थांबला, त्याने विचारलं. ज्याला विचारायला हवं त्यालाच विचारलं. टिकाराम ओरडला, "थांब ना बे, कायले घाई करून राहिलास?" त्यावर तो म्हणाला, "मामाजीनं सांगतलं, सगळं उतरलं. आता कमीच होऊन राहिलं." आणि त्याने गाडी घातली. अर्ध्या रपट्यावर असताना आधी फेस आणि पाला आला. आपल्याकडचं लहान पोरही फेस पाहून मागे पळतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. मीही कधी शिकवलं नाही.

टिकारामने हे मला तेराव्याच्या दिवशी मागच्या अंगणात सांगितलं. मी त्याचे पाय धरले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसाचे. म्हटलं, शामला सांगू नको. त्याने आजपर्यंत शब्द पाळला. गेल्या आठवड्यात तो इकडे बाजाराला आला होता. म्हणाला, "काकाजी, बाईकडं पाहवत नाही. केशोरावजी तिच्या हातचं पानीही घेत नाहीत. मी किती दिवस गप राहू?" घरात इतकं झालं आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं लिहायला पाहिजे.

शब्द चुकला, ती चूक एका क्षणाची. पण त्यानंतर सातशे दिवस मी रोज सकाळी उठून गप्प राहिलो, आणि माझ्या वाटणीचं ओझं तू वाहत राहिलीस. आपल्या आईने तुला माझ्या पाठीवर बांधून नदीपलीकडे पाठवलं होतं, तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. मी तुला सांभाळून नेलं. मोठेपणी मी असा निघालो.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तो, आणि मग हे पत्र मी माझ्यासाठी लिहिलं असं होईल. तू फक्त एक कर. हे पत्र केशोरावांसमोर धर आणि वाच. तुला वाचवत नसेल तर टिकारामला बोलाव. मी काल त्याला फोन करून शब्दातून मोकळं केलं आहे. केशोरावांनी विचारलं तर तो सगळं सांगेल. त्यांना जे बोलायचं असेल ते मला बोलू दे. माझं दार उघडं आहे.

सोबत वहीच्या पानाची नक्कल जोडली आहे. जुन्या वह्या खात्याचे लोक नेणार आहेत, म्हणून त्या दिवसाचं पान उतरवून घेतलं. बघ, इथेही 'उतरवून' लिहिलं. हा शब्द काही माझा पिच्छा सोडत नाही. पानावर लिहिलं आहे, 'सकाळी ६.३०, ४.१० मीटर, पाणी उतरले.' त्या फोनबद्दल मूळ वहीत काही नाही. नकलेवर मी काल एक ओळ वाढवली आहे आणि सही केली आहे. 'सकाळी १०.२०, भाच्याचा फोन. त्याला चुकीचे सांगितले.'

तुझी नवी राखी या पाकिटात परत पाठवतो. हे सगळं माहीत नसताना तू ती पाठवलीस, म्हणून ती माझी नाही. वाचून झाल्यावरही पाठवावीशी वाटली तर पाठव. नाही पाठवलीस तर तेही बरोबर आहे, मी वाट पाहीन पण विचारणार नाही.

दुसरी राखी मात्र मी देणार नाही. भुपेंद्रच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. केशोरावांनी मला दिली होती ती. तिचा लाल रंग पाण्याने पिशवीला लागला आहे. ती मी बांधलेली नाही, बांधणारही नाही. पण ती त्याने माझ्यासाठी आणली होती आणि रपट्याच्या मधोमध येईपर्यंत सांभाळली होती. ती माझ्यापाशी राहू दे.

आज आकाश मोकळं आहे. डबा काय सांगतो ते मला कळत नाही, पण मी सकाळी खाली जाऊन शेवाळ पुसून पट्टी वाचली. पाऊण मीटर. पाणी ओसरते आहे. आता मी असंच लिहितो.

खाली नेहमीसारखं 'तुझा दादा' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. वर सवयीने लिहून गेलो, पण तो शब्द मी लिहायचा नाही. जागा मोकळी सोडतो. तू भरशील तर भर.

तुझा ..............
शालीकराम