दादाला आणायचं, की राहू द्यायचं

सोमवार, ११ मार्च

आणायचं! आईने जाहीर करून टाकलं. दादा लढाईत गेला त्याला दोन वर्षं झाली. तिकडेच, परदेशात, सैनिकांच्या दफनभूमीत पुरलंय त्याला. आता सैन्याचं कार्यालय म्हणतंय, घरच्यांनी — फक्त घरच्यांनीच — मागणी केली तर परत आणू. शुक्रवारपर्यंत कळवा. बाबांचं शिलाईचं मशीन चालू. दादाचं पदक मिळणार त्या समारंभासाठी स्वतःचा कोट शिवताहेत.

आम्ही दोघंच भावंडं, तेव्हा मला तिथे दादावर पाच मिनिटं बोलायचंय. तू लेखिका ना, म्हणे. चार वेळा लिहिलं, चारही वेळा पुतळा झाला. माझ्या चपला घालून दूध आणायला जाणारा आणि आल्यावर त्या चावतात म्हणून माझ्यावरच खेकसणारा माणूस — तो कुठे गेला?

मंगळवार

लिहिलं नाही. नखं खाल्ली.

बुधवार, १३ मार्च

दादाच्या तुकडीतला रेडिओवाला आला होता. दिवसभर बडबड, म्हणून तिकडे सगळे त्याला पोपट म्हणायचे. बाबांनी कोट घालून दाखवला. पदक अडकवायला डाव्या छातीवर सुबक पट्टी. पोपट चाचरत म्हणाला, काका, घरच्यांनी उजवीकडे लावायचं असतं. डावी बाजू ज्याने मिळवलं त्याची. बाबा तिथेच उसवायला बसले. आई म्हणाली, जन्मभर लोकांचे कोट शिवले, नेमका स्वतःचा चुकला. हसली. मग आत गेली ती बराच वेळ आतच.

पोपटला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे तो बोलला. दादाने दोन जखमींना उचलून आणलं, तिसऱ्याला आणताना गोळी लागली — आम्हाला एवढंच ठाऊक. पण तिसरा जखमी नव्हताच. मेलेला होता. त्यांचा ड्रायव्हर. अनाथाश्रमात वाढलेला, मागे रडायलाही कुणी नाही.

"दादाला माहीत होतं?"

"मीच सांगितलं ना त्याला, तो गेलाय म्हणून. तर म्हणाला, मग काय, टाकून येऊ?"

तिकडे दोघं शेजारी शेजारी आहेत.

म्हणजे आता दादाला आणायचं. आणि ज्याच्यासाठी तो गेला, त्याला टाकून यायचं.

गुरुवार

सकाळपासून घरभर फेऱ्या. आईला सांगू? सांगितलं तर तिचा मुलगा मीच अडवला असं होईल. ती शेजारी सांगूनही आलीय — माझा मुलगा येतोय. नाही सांगितलं तर मला ही वही पुन्हा उघडता यायची नाही.

ती कपडे वाळत घालत होती. एका दमात सांगून टाकलं. आत मशीन थांबलं.

"मूर्ख," आई म्हणाली. "मेलेल्यापायी मेला."

मग दोरीवरची चादर ओढून ओढून सरळ करत राहिली. सरळच होती ती. जेवली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

आईने कार्यालयाला फोन केला. दोघांनाही आणा म्हणाली. दुसरा तुमचा कोण, असं तिकडून विचारलं असणार.

"मधला," आई म्हणाली.