कानस घसरली तेव्हाच कळलं होतं

आबा,

काल माझ्या हत्यारांच्या दुकानात एक माणूस आला. चांगला चाळिशीचा, टक्कल पडलेलं, आणि पिशवीत लहान लेकरासारखा जपून आणलेला रिमोटचा ट्रक. म्हणाला, मावशी, ह्याच्यासाठी हत्यारं द्या, पण टिकणारी द्या, मागच्या सेटनं सगळ्या स्क्रूंची डोकी खाऊन टाकली. तो सेटही आणला होता, चकचकीत डब्यातला. बघूनच माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे आधी फेका. एवढा पसारा कशाला पाहिजे, मोजकी घ्या पण खरी घ्या. पेचकसाचं टोक खाचेत घालून हलवून बघा, डुगडुगलं तर ते तुमचं नाही. दांडी मुठीत शेवटपर्यंत गेलीय का बघा, नाहीतर जोर लावला की मूठ फिरते आणि दांडी तिथंच. बारक्या गाडीचे स्क्रू मऊ असतात, त्यांना ताकद नको, नीट बसणारं टोक पाहिजे. आणि चकाकी बघू नका, ती नखानं निघते. मग कानस घेतली आणि एकेका हत्याराच्या टोकावर मारून दाखवली. कानस खायला लागली तर लोखंड मऊ, वाकणार. काचेवरून गेल्यासारखी घसरली तर कडक करताना पाणी जास्त दिलंय, फुटणार. थोडी धरली, थोडी सुटली, ते घ्यायचं. तो म्हणाला, कुठं शिकलात हो? मी म्हटलं, वडलांकडं. बाकीचं सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला काय करायचंय.

पण तो गेल्यावर माझा हात काही कामाला लागेना. म्हणून हे लिहायला बसले. तिसरीत शाळा सुटली, अक्षर तुम्हाला माहितीये. तुम्ही थोडंच वाचणारात.

तुमच्या हाताखाली आधी कुठं शिकले मी. तेव्हा तर हात लावायची सोय नव्हती. सासरहून परत आले होते, मूल होत नाही म्हणून त्यांनी एसटीत बसवून दिलं होतं, आणि आपल्या घरात मी म्हणजे चुलीपाशी ठेवलेलं एक जास्तीचं पातेलं. एकदा स्टोव्हचा नट अडकला म्हणून तुमच्या पिशवीतला पाना घेतला. तुम्ही द्वारका चौकातल्या गॅरेजमधून दमून आलेले. पाना माझ्या हातातून काढून घेतलात, पुसलात आणि म्हणालात, "हे पोटाचं हत्यार आहे. बायांनी ह्याला हात लावायचा नाही." ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते. मी रॉकेलच्या वासात तशीच उभी राहिले, आणि आई म्हणाली, भाकरी करपतीये.

मग ते साहेब आले. कारखान्यात इंजिनियर, कॉलनीत राहणारे, भावानं परदेशातून पाठवलेला रिमोटचा ट्रक घेऊन. नाशकात तेव्हा तसली वस्तू कुणी बघितली नव्हती. गॅरेजमधले सगळे जमले. एकानं विचारलं, आबा, ह्याला क्लीनर कोण बसवायचा, उंदीर? तुम्ही तो हातावर घेतला, उलटा केला, आणि त्याचे बारीक स्प्रिंग बोटानं दाबून बघितले. त्या दिवसापासून तुम्ही वेगळेच झालात. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक पोटासाठी खोलले, हा एकच असा की जो पोटाचा नव्हता. साहेब रविवारी घरी यायचे, ओट्यावर पोतं अंथरून तुम्ही दोघं बसायचात. त्याच्यासाठी तुम्ही जुन्या कानशी घासून बारके पेचकस केले, सायकलच्या तारेचे आकडे केले. जुन्या लोखंडाच्या भोंगळ्या बाजारातून एक बारकी पक्कड आणलीत, ती निवडायला अख्खी सकाळ घालवली म्हणून आई बोलत होती. मी चहा देताना बघायची. तुम्ही हसायचात. मी तुम्हाला त्याआधी हसताना कधी बघितलं होतं, आठवत नाही.

खंडेनवमी होती. सकाळीच आईनं तुमची सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली होती, मोठी आणि ती बारकीही. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. दुपारी साहेब आले, घाईत. दसऱ्याला कॉलनीच्या मैदानावर ट्रक चालवून दाखवायचा ठरला होता आणि तो जिन्यावरून पडला होता. मागच्या चाकाची पिन आसात वाकून बसलेली. ठोकून काढल्याशिवाय चाक निघणार नव्हतं. तुम्ही पाटाकडं बघितलंत. आई मधेच उभी राहिली. म्हणाली, पूजलेलं हत्यार आज उचलायचं नाही, वर्षभर ते पोट भरतं, एक दिवस त्याला विसावा नको? साहेबांनी पिशवीतून नवाकोरा सेट काढला, कुठल्याशा मोठ्या दुकानातला, मखमलीत बसवलेला. म्हणाले, आबा, हा आहे ना, ह्याची कुठं पूजा झालीय.

मी दारात होते, म्हणून मला माहितीये. तुम्ही त्यातला पिन ठोकून काढायचा पंच उचललात, आणि कानस पूजेत होती तरी आईची पाठ फिरल्यावर ती पाटावरून हळूच घेतलीत, पंचावर एकदा मारलीत आणि परत होती तशी फुलाखाली ठेवलीत. कानस घसरली. मला आवाज आला. तेव्हा त्याचा अर्थ मला कळत नव्हता, तुम्हाला तर कळत होता. तुम्ही पंच तळहातावर ठेवून क्षणभर बघत बसलात. मग व्हाइसच्या जबड्यात आस धरलात आणि हातोडी मागितलीत. ती शेजारच्यांची आणली.

मोठ्या ट्रकवर काम करताना माणसाचं तोंड हातभर लांब असतं. त्या बारक्या पिनीसाठी तुम्ही तोंड अगदी जवळ नेलं. दुसऱ्याच घावाला पंचाचं टोक उडालं. तुम्ही ओरडला नाहीत, नुसता हात डोळ्यावर गेला, आणि बोटांतून पाणी आल्यासारखं काहीतरी आलं, ते रक्त नव्हतं म्हणून मला आधी वाटलं काही झालं नाही.

साहेबांनी स्कूटरवर दवाखान्यात नेलं. डॉक्टर सरळ बोलले. हा डोळा गेला, आणि हा आत ठेवला तर चांगल्यालाही घेऊन जाऊ शकतो, म्हणून काढून टाका. आई म्हणाली, नाही. जाताना माणूस पुरा गेला पाहिजे, अर्धा नाही जाळायचा. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही पट्टी बांधलेलं तोंड आईच्या बाजूला वळवलंत आणि गप्प राहिलात. तुमची ती गप्प राहायची खोड. त्या दिवशी दुपारी साहेबांना नाही म्हणता आलं नाही, संध्याकाळी आईला नाही म्हणता आलं नाही. पोलाद ओळखता येत होतं, त्याचा काय उपयोग? कानशीनं सांगितलेलं तोंडातून बाहेर काढायला हिंमत लागते, ती तुमच्यात नव्हती. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही. आज बोलते. मला अजून राग आहे.

संक्रांतीनंतर दुसऱ्या डोळ्यापुढं धूर यायला लागला. तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ताटातल्या चटणीवर तुम्ही दोनदा हात फिरवलात. उन्हाळ्यात तोही गेला. डॉक्टर म्हणाले होते तसंच. आईनं डॉक्टरांचं नाव पुन्हा काढलं नाही, तुमच्या डोळ्यांचंही नाही, दिवसभर देवापाशी. साहेब फळं घेऊन यायचे आणि ओट्यावर मान घालून बसायचे. एकदा म्हणाले, मी तो ट्रक कपाटात टाकलाय, परत हात लावणार नाही. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चिडलात. "चालवा हो. नाहीतर माझे डोळे फुकट गेले." पुढं त्यांची बदली झाली.

गॅरेजवाल्यानं दरवाज्याबाहेर बसायला जागा दिली. पोत्यावर जुनी हत्यारं मांडून विकायची. निवडणार कोण? तुमचं बोट धार सांगायचं, पाना दोऱ्याला टांगून वाजवला की चीर आहे की नाही ते कान सांगायचा, पण कानस मारून झालेली खूण बघायला डोळा पाहिजे. म्हणून एक दिवस तुम्ही कानस माझ्या हातात दिलीत. माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, दाबू नको पोरी, आधी ऐक, मग खूण बघ. टवाळ पोरं तुमच्या हातात मुद्दाम फुटका पाना द्यायची आणि आबा, कसाय, विचारायची. तुम्ही सांगायचात, तुझ्यासारखा. मग सगळे हसायचे, तुम्ही नाही. रस्त्याच्या धुरात तुम्ही तोंड वर करून बसायचात, ट्रक गेला की त्याच्या आवाजावरून त्याचं काय बिघडलंय ते पुटपुटायचात, आणि कुणी थांबून विचारायचं नाही. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपायचात. अशी काही वर्षं गेली. मग काविळीनं गेलात. डोळे तसेच होते दोन्ही, आईनं म्हटल्याप्रमाणं पुरे गेलात.

आईही गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिला मी हे सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नसतं. हा कागद कुणाच्या हाती लागू नये, लिहून झाला की चुलीत घालणार आहे, गॅस आहे आता, तरी घालणार आहे.

तुमचा दुसरा डोळा जात होता तेव्हा आई मला घेऊन वणीच्या गडावर गेली. पायऱ्या चढून वर गेल्यावर तिनं देवीपुढं पदर पसरला, त्यांचे डोळे परत दे, पुढच्या वर्षी चोळी-बांगडी करते म्हणाली, आणि मला म्हणाली, तू पण बोल, तुझं ऐकेल. मी हात जोडले. तेव्हा तुम्हाला घराबाहेर नेणारं, जेवायला बसवणारं, रस्त्यात कुठं काय पडलंय ते सांगणारं माणूस मी होते. सासरनं टाकलेली, आणि कुणाला तरी माझ्याशिवाय चालत नव्हतं. डोळे आले असते तर तुम्ही परत सकाळी उठून गॅरेजला गेला असतात, मला मागं ठेवून.

मी नवस बोलले नाही, आबा. आई बघत होती म्हणून नुसते ओठ हलवले.