माझी कॅसेट हळू नाही

मु. पो. निमगाव केतकी

तीर्थरूप मानसिंगराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे महिपतीचा, नमस्कार (भांडायचं असलं तरी आधी वाकायचं, हे ताईनं शिकवलंय). तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

परवा बारामतीत तुम्ही 'ग्रॅनाइट व्हल्चर' बँडच्या चाहत्यांचा मेळावा भरवलात आणि त्यांचा 'विंटर फर्नेस' अल्बम म्हणजे हेवी मेटलचा कळस, असं भाषण ठोकलंत. ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दाजी, हा अल्बम आला तेव्हा आपण कॉलेजात होतो, तुम्ही अजून दाजी झाला नव्हतात. त्या बँडवाल्यांनी केस कापले आणि मध्येच पियानो घातला म्हणून तुम्हीच होस्टेलच्या गच्चीवर निकाल दिला होतात, "ह्ये मेटल न्हाय, वरातीचा बँड हाय!" सगळ्यांनी पोस्टर फाडली. मी एकटाच सांगत राहिलो की इतकं जड, इतकं सावकाश आणि भयंकर कुणी वाजवलेलं नाही. (तेव्हा तुम्ही 'सावकाश?' असं विचारून सगळ्यांसमोर माझे कान तपासले होते.) पुढं एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागलो, तिथंही या अल्बमपायी माझ्याबरोबर डबा खायला कोणी बसेना. मग काही वर्षांनी तुम्ही म्हणू लागलात, तसा बरा होता. मग काळाच्या पुढचा होता. आता एकदम कळस! एवढी मतं बदललीत, पण तेव्हा महिपतीचं बरोबर होतं, असं एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही.

म्हणून मी उठलो आणि म्हणालो, या अल्बमची थोरवी त्याच्या संथपणात आहे. तुम्ही म्हणालात, "आरं, ह्यो त्यांचा सगळ्यात पळणारा अल्बम हाय." मी खिशातून माझी कॅसेट काढली (तीच, कॉलेजात असताना स्टँडामागच्या दुकानातून भरून घेतलेली) आणि लावायला दिली. पहिलंच गाणं उसाच्या भरल्या ट्रॉलीसारखं चढ चढायला लागलं. गायक तर विहिरीतून बोलत होता. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. तुमची उत्कर्षा इंजिनिअर, तिनं समजावलं, "मामा, दुकानातलं भरायचं मशीन जोरात पळत असणार, म्हणून तुमची कॅसेट हळू वाजती." पोरीचा राग नाही. पण तुम्ही डोळे पुसत हसत होतात, ते मला लागलं.

तरी माघार घेणार नाही. सगळे शिव्या देत होते तेव्हा मी या अल्बमच्या बाजूनं उभा राहिलो, आणि तो माझा अल्बम असाच आहे. त्या वाद्यवाल्यांनीच घाईघाईत वाजवला असेल. शेवटचं गाणं कडव्याच्या मध्येच तुटतं, तिथं तर मला दर वेळी रडू येतं. असं अर्ध्यावर सोडायला छाती लागते, हेही मी तुम्हा सगळ्यांना ऐकवलं. मग मात्र कुणी हसलं नाही. उत्कर्षा खाली बघत राहिली. मी तसाच एसटी पकडून आलो.

आपला,
महिपती

ता. क. कॅसेट मेळाव्यात राहिली. बाजारच्या दिवशी इकडं येताना आणा. गाडीत उन्हात ठेवू नका.

ता. क. २. कॅसेट संपली म्हणून ते गाणं तुटलं, हे मला एसटीत कळलं. येताना उत्कर्षाला आणा आणि तिच्या फोनवर त्या गाण्याचा फक्त शेवट ऐकवा. आपण तिघंच बसू. त्यानंतर माझं मत बदललंच, तर ते माझं मी बदललं, तुमच्या मेळाव्यामुळं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.